जुन्नरचा कोट आणि आजचे पहारेकरी

गेल्या पावसाळ्यात मंचरहून भाचा आला. इंजिनिअरिंग नुकतंच झालेलं. हातात एका क्लासचं रंगीत पत्रक होतं. ‘‘मामू, नेटवर्क सिक्युरिटीचा कोर्स आहे. तीन महिन्यांत प्रमाणपत्र आणि नोकरीची हमी. फी भरायला अम्मीनं बांगड्या मोडायचं ठरवलंय.’’ मी साधा बी.ए., कविता करणारा माणूस. संगणकातलं मला काय कळणार? पण गावचा इतिहास थोडाफार वाचलेला. म्हटलं, बस, आधी एक गोष्ट ऐक. श्रोतेहो, तीच आज तुम्हालाही सांगतो.

३० एप्रिल १६५७ची रात्र. जुन्नर तेव्हा मुघलांचं भरभराटीचं ठाणं होतं. शहराला तट होता, तटावर पहारा होता. तरीही शिवाजी महाराज आणि त्यांचे मावळे दोराच्या शिड्या लावून आत उतरले. जदुनाथ सरकारांनी लिहिलंय, की तीन लाख होन आणि दोनशे घोडे हाती लागले. या धाडसाचा आपल्याला अभिमान आहेच. पण क्षणभर मुघल ठाणेदाराच्या जागी उभे राहून पाहा. नुसत्या तटानं शहर राखलं जात नाही. शिडी कुठून लागू शकते, हे पहाऱ्यावरच्या माणसाला आधी सुचावं लागतं.

दुसरी गोष्ट कागदाची. जुन्नरचा हातकागद एके काळी नामांकित होता, तो बनवणारे कागदी मुसलमान होते. शिवकाळातल्या राजपत्राच्या आरंभी शिक्का असे आणि शेवटी मोर्तब. मोर्तब म्हणजे मजकूर इथं संपला. याखाली कुणी ओळ घुसवली तर ती खोटी. पत्र कुणाचं आणि त्यात कुणी ढवळाढवळ केली का, या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावरच मिळत. आजची डिजिटल सही नेमकं हेच काम करते.

मग नवं युग आलं, तेही आपल्याच तालुक्यात. नारायणगावजवळच्या आर्वीला १९७१मध्ये विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. परदेशाशी बोलणं उपग्रहामार्फत होऊ लागलं. पुढं १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. वाटा वाढल्या, तशा शिड्या लावायच्या जागाही वाढल्या.

ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. एटीएमच्या व्यवहाराला ‘हो’ म्हणणाऱ्या यंत्रणेला बगल देऊन चोरट्यांनी आपलीच खोटी यंत्रणा ‘हो’ म्हणायला बसवली. अनेक देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. सगळी मिळून सुमारे ९४ कोटी रुपयांची लूट. तिजोरीला कुणी हात लावला नव्हता. मोर्तबच बनावट झालं होतं.

भाचा म्हणाला, ‘‘म्हणजे शिकू नको?’’ अरे, जरूर शिक. पण क्रमानं. ज्याला रस्ते ठाऊक नाहीत तो चौकी काय सांभाळणार? म्हणून आधी नेटवर्क आणि लिनक्स पक्कं कर. मग सिस्कोची सीसीएनए किंवा कॉम्पटियाची सिक्युरिटी प्लस परीक्षा. दोन्हींना आधीच्या अनुभवाची अट नाही. मात्र प्रमाणपत्र तीन वर्षंच चालतं, नंतर नूतनीकरण. सीआयएसएसपीचं नाव मोठं, पण परीक्षा पास झाली तरी पूर्ण मान्यतेला साधारण पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. नवख्याला ‘तीन महिन्यांत सीआयएसएसपी’ सांगणाऱ्यापासून दूर राहा. १९८८मध्ये स्थापन झालेल्या आपल्या पुण्याच्या सी-डॅकचा सुरक्षेवरचा पदविका अभ्यासक्रमही आहे, तिथं प्रवेशपरीक्षेतून जावं लागतं.

आणि सराव करायचा तो स्वतःच्या संगणकावर. परवानगीवाचून दुसऱ्याच्या यंत्रणेत वाईट हेतूनं शिरलास, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कुलपं दुरुस्त करणारा आणि फोडणारा यांची हत्यारं एकच असतात.

भाच्यानं माझ्यासमोरच क्लासला फोन लावला. तीन प्रश्न विचारले. परीक्षा कोण घेतं? प्रमाणपत्रावर नाव कुणाचं? हमी लेखी द्याल का? परीक्षा आम्हीच घेतो, नाव आमचंच असतं, असं उत्तर आलं. लेखी हमीचं नाव काढताच, ‘ऑफिसात येऊन बोला,’ म्हणाले. म्हणजे शिक्काही त्यांचा, मोर्तबही त्यांचंच. त्यानं पत्रक घडी करून खिशात ठेवलं.

आता तो एका जुन्या संगणकावर रात्री सराव करतो, दिवसा दुकानात बसतो. परीक्षा अजून व्हायची आहे, नोकरी त्याहून लांब. परवा मंचरला गेलो होतो. बहिणीनं चहा पुढं केला, तेव्हा बांगड्या तिच्या हातात होत्या.