रक्ततपासणीचा अहवाल कसा वाचावा : साखर, चरबी आणि मूत्रपिंड

वर्षातून एकदा रक्त तपासून घेणे ही आता आपल्या बहुतेक घरांतली रीत झाली आहे. अहवाल मोबाइलवर येतो, एखाद्या आकड्यापुढे ताऱ्याची खूण आहे का तेवढे पाहिले जाते, आणि खूण नसली की 'सगळे नॉर्मल' म्हणून विषय संपतो. साखरेच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाते. मूत्रपिंडाच्या बाबतीत मात्र चालत नाही, कारण त्याचे काम बरेच कमी होईपर्यंत काही दुखत नाही आणि पुष्कळदा अहवालात खूणही उमटत नाही. म्हणून नेहमीच्या अहवालातील मुख्य आकडे कशाचे असतात, याची माहिती येथे एकत्र दिली आहे. निदान व औषध हे काम अर्थातच डॉक्टरांचे.

तपासणीला जाण्यापूर्वी

उपाशीपोटीच्या साखरेसाठी किमान ८ तास काही खाल्लेले नसावे. साधे पाणी चालते, किंबहुना प्यावेच; पाणी कमी पडले तर युरिया व क्रिएटिनिन थोडे वाढलेले दिसू शकतात. सकाळचा चहा मात्र नको, बिनसाखरेचाही नको. आदल्या रात्री सराफ्यात फेरी मारून उशिरा तळकट-गोड खाल्ले असेल, तर ट्रायग्लिसराइड वाढून येण्याचा संभव असतो. आदल्या दिवशीचा जबर व्यायाम किंवा मांसाहाराचे भरपेट जेवण यांनी क्रिएटिनिन तात्पुरते वर जाते. नेहमीची औषधे त्या सकाळी घ्यायची की नाही, हे आधी विचारून ठेवावे.

साखर

उपाशीपोटी १०० मि.ग्रॅ.पेक्षा कमी साखर सामान्य धरतात. (येथे सर्वत्र मि.ग्रॅ. म्हणजे दर डेसिलिटरमागे मिलिग्रॅम.) १०० ते १२५ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची स्थिती, आणि १२६ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. लक्षणे नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात. जेवणानंतरच्या साखरेचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे असतात, हात धुतल्यापासून नव्हे.

एचबीए१सी ही चाचणी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ५.७ टक्क्यांपेक्षा कमी सामान्य, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. चार दिवस गोड सोडून हा आकडा सुधारत नाही, हाच त्याचा उपयोग. मात्र रक्तक्षय असेल किंवा नुकतेच रक्त दिले गेले असेल तर तो चुकीचा येऊ शकतो. डॉक्टरांना तसे सांगावे.

चरबी

ट्रायग्लिसराइड १५० मि.ग्रॅ.च्या आत असावे. एचडीएल पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० च्या वर हवे. एलडीएलची मर्यादा सर्वांना सारखी नसते. मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना ते बरेच खाली ठेवावे लागते, त्यामुळे शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही.

क्रिएटिनिन आणि ईजीएफआर

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या कामातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ आहे. मूत्रपिंडे तो रक्तातून गाळून बाहेर टाकतात. गाळण्याची शक्ती कमी झाली की तो रक्तात साठतो. साधारण मर्यादा पुरुषांत ०.७ ते १.३ आणि स्त्रियांत ०.६ ते १.१ मि.ग्रॅ. अशी छापलेली असते. प्रयोगशाळेनुसार थोडा फरक पडतो.

अडचण अशी की ज्याचे स्नायू कमी, त्याच्या शरीरात क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते. म्हणून वय आणि लिंग धरून सूत्राने ईजीएफआर, म्हणजे दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळले जाते याचा अंदाज, काढतात. २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने १.१ क्रिएटिनिन असलेल्या ३० वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर सुमारे ९३ येतो. तेच १.१ क्रिएटिनिन ७० वर्षांच्या बाईंचे असेल तर ईजीएफआर सुमारे ५४ भरतो. आकडा एकच, खूण दोघांच्याही अहवालात नाही.

दुसरे उदाहरण एकाच व्यक्तीचे घेऊ. ६२ व्या वर्षी क्रिएटिनिन ०.८ आणि ६५ व्या वर्षी १.२. दोन्ही अहवाल मर्यादेतले. सूत्राने पाहिले तर ईजीएफआर १०० वरून ६७ वर आलेला असतो. बँकेत कर्जाचा अर्ज आला की आम्ही एका दिवसाची शिल्लक पाहून निर्णय घेत नसू. काही महिन्यांचा उतारा मागत असू. येथेही तसेच आहे. एकट्या अहवालावरून काही कळत नाही, मागचे दोन-तीन अहवाल शेजारी ठेवले की कळते.

ईजीएफआर ९० च्या वर उत्तम. ६० ते ८९ हा आकडा उतारवयात पुष्कळांचा असतो आणि लघवीची तपासणी चांगली असेल तर त्याला आजार म्हणत नाहीत. तीन महिन्यांहून अधिक काळ तो ६० च्या खाली राहिला तर मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार मानतात. ३० च्या खाली गेल्यावर मूत्रपिंडतज्ज्ञांकडे जाणे टाळू नये. काही अहवालांत ईजीएफआर छापलेला नसतो. तेव्हा डॉक्टरांकडून काढून घ्यावा.

लघवीतील अल्ब्युमिन

ही चाचणी अनेक पॅकेजांत नसते, मागावी लागते. अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन गाळणीतून निसटून लघवीत येऊ लागले, तर ईजीएफआर चांगला असतानाही मूत्रपिंडाला इजा होत असल्याचे कळते. सकाळच्या पहिल्या लघवीत अल्ब्युमिन व क्रिएटिनिनचे गुणोत्तर काढतात. ते ३० पेक्षा कमी असावे. ३० ते ३०० वाढलेले, ३०० च्या वर बरेच वाढलेले. ताप किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग असताना ते खोटे वाढते, म्हणून पुन्हा करून पाहतात. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी ईजीएफआर आणि हे गुणोत्तर, दोन्ही दर वर्षी करून घ्यावे. या टप्प्यावर कळले तर औषधांनी आणि रक्तदाब-साखर आवरून नुकसानीचा वेग कमी करता येतो. पायांवर सूज, मळमळ, थकवा ही लक्षणे बहुधा फार उशिरा दिसतात.

युरिया आणि पोटॅशियम

काही प्रयोगशाळा युरिया देतात, काही बीयूएन. बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया येतो. प्रयोगशाळा बदलल्यावर आकडा अचानक दुप्पट दिसला तर घाबरण्यापूर्वी नाव तपासावे.

पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असते. मूत्रपिंड कमजोर असल्यास ते वाढून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते. रक्तदाबासाठी चांगले म्हणून ते आणण्यापूर्वी, विशेषतः टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चालू असेल तर, डॉक्टरांना विचारावे. ही औषधे सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे वाढू शकते, पण म्हणून ती स्वतःहून बंद करू नयेत.

खूण आली तर

छापलेली मर्यादा बहुधा अशी ठरवलेली असते की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत बसावेत. उरलेले ५ टक्के निरोगी असूनही बाहेर पडतात. वीस-पंचवीस चाचण्यांच्या पॅकेजात एखादी खूण निघणे म्हणून स्वाभाविक आहे. कोणता आकडा, किती बाहेर, आणि मागच्या वेळी किती होता, हे पाहावे.

मुलांकडे कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा ब्रिटनला गेलेल्यांना तिकडचे अहवाल वेगळ्या एककात मिळतात. तिथल्या साखरेच्या आकड्याला १८ ने गुणावे आणि क्रिएटिनिनच्या आकड्याला ८८.४ ने भागावे, म्हणजे आपला आकडा मिळतो.

घरी ठेवायची नोंद

एका वहीत दर तपासणीची एक ओळ लिहावी : तारीख, प्रयोगशाळा, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी, क्रिएटिनिन, ईजीएफआर, लघवीचे गुणोत्तर, पोटॅशियम, रक्तदाब, वजन. शक्यतो दर वर्षी एकाच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जावे. शेवटच्या रकान्यात चालू औषधे लिहावीत, आणि गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या, भस्मे व काढेही त्यात यावेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामकांचा रोजचा वापर मूत्रपिंडाला बाधू शकतो, आणि डॉक्टरांना नेमके हेच सांगायचे राहून जाते.

दवाखान्यात जाताना वही सोबत न्यावी आणि तीन प्रश्न विचारावेत : माझा ईजीएफआर मागच्या वर्षापेक्षा किती बदलला? लघवीतील अल्ब्युमिन तपासायचे आहे का? चालू औषधांपैकी एखाद्याचे प्रमाण बदलायला हवे का? घरातील ज्येष्ठांचे जुने अहवाल कपाटात असतील, तर या वहीच्या पहिल्या चार-पाच ओळी आजच लिहून होतील.