चेहऱ्याची साक्ष

लहानपणी पहूरच्या बाजारात मी एका परक्या गृहस्थाचा हात धरून "मामा!" अशी हाक मारली होती. तोंडवळा हुबेहूब मामाचा! गृहस्थ हसले, म्हणाले, "कोनाचा रे तू?" चूक तिथेच मिटली.

चुकणारे सरकार असले म्हणजे मात्र चूक अशी हसण्यावारी जात नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ साली तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानला, म्हणजे आमच्या खानदेशालाही, लागू झाला. अमुक जमातीत जन्म, एवढ्यावरून माणसाचे नाव वहीत चढे, ठसे घेतले जात, हजेरी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला. पारध्यांच्या पालावरचा संशय काही गेला नाही.

आता वहीच्या जोडीला यंत्र आले आहे. ते कॅमेऱ्यातला चेहरा जुन्या फोटोंशी ताडून साम्य किती एवढेच सांगते. 'हाच तो' हे माणसेच ठरवतात. ८० टक्क्यांवर साम्य म्हणजे ओळख पटली असे आपण धरतो, हे दिल्ली पोलिसांनी २०२२ साली माहिती अधिकारात कळवले. अमेरिकेत डेट्रॉइटला २०२० साली अशाच ओळखीवरून एका निरपराध कृष्णवर्णीयाला बायकामुलांदेखत धरून नेले.

वाचकहो, जुन्या वहीत ज्यांची नावे, त्यांचेच फोटो यंत्रात अधिक भरले, तर संशयही पुन्हा त्यांच्याच दारी जाणार. म्हणून बेडी घालण्याआधी त्या गृहस्थांचा साधा प्रश्न कुणीतरी विचारलाच पाहिजे : "कोनाचा रे तू?" यंत्राला तो सुचत नाही.