शेवटची नोंद, १७.२०

३१ जानेवारी २०१७, मंगळवार. वेळा जागतिक प्रमाणवेळेच्या आहेत. भारतातली वेळ हवी तर साडेपाच तास मिळवा.

जगभरचे प्रोग्रामर गिटलॅब डॉट कॉमवर आपला कोड ठेवतात. कोड वेगळ्या सर्व्हरवर असतो. कुणाचं खातं, कुठला प्रकल्प, कुणी काय शेरा लिहिला, ही सगळी वही मात्र एका पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये. आकार सुमारे ३१० जीबी. मूळ प्रत डीबी१ या सर्व्हरवर, तिच्या पाठोपाठ लिहिली जाणारी नक्कल डीबी२ वर. आज २३.२७ ला मूळ प्रतीतले साडेचार जीबी उरणार आहेत.

१७.२०
डेटाबेसवरचा भार अनेक सर्व्हरांत वाटता येतो का, याची एका इंजिनिअरला चाचणी घ्यायची आहे. डेटाबेसचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीची प्रत, दर २४ तासांनी आपोआप निघतो, पण त्याला ताजा डेटा हवा. तो हाताने एक स्नॅपशॉट काढतो आणि चाचणीच्या सर्व्हरवर चढवतो. हा बॅकअप आहे असं कुणाच्या मनातही नाही.

१९.०० च्या सुमारास
डेटाबेसवरचा भार चढू लागतो. संशय स्पॅमवाल्यांवर. आठवडाभर असं अधूनमधून होतच होतं, आज जरा जास्त. अनेकांना शेरे लिहिता येत नाहीत. एकाच खात्यात ४७,००० आयपी पत्त्यांवरून लॉगिन झालेलं सापडतं. ते खातं काढून टाकतात. भाराचं आणखी एक कारण नंतर कळेल: गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्यावर गैरवापराची तक्रार होऊन ते चुकून डिलीटच्या रांगेत लागलं होतं, आणि पडद्यामागे त्याचा सगळा डेटा पुसणं चालू होतं.

२२.००
डीबी२ मागे पडलाय, सुमारे ४ जीबीने. डीबी१ ने नोंदींच्या ज्या फायली पुढे पाठवायच्या, त्या पाठवण्याआधीच काढून टाकल्या आहेत. त्या दुसरीकडे साठवून ठेवायची सोय केलेलीच नव्हती. म्हणजे डीबी२ कोरा करून सगळी प्रत पहिल्यापासून उतरवायची.

१७.२० ला स्नॅपशॉट काढणारा इंजिनिअरच हे काम करतोय. त्याच्या गावी रात्रीचे अकरा वाजलेत. आता निघतो, असं तो म्हणाला होता. थांबला.

डीबी२ चं फोल्डर तो रिकामं करतो. हे बरोबरच होतं. मग प्रत उतरवणारी कमांड देतो. काहीच होत नाही. तपशील दाखव असं सांगूनही ती गप्प. काही प्रयत्नांनंतर ती म्हणते, जोडण्या कमी पडतायत. मर्यादा ३ ची ३२ केली जाते. आता डीबी१ वरचा पोस्टग्रेस रीस्टार्टच होईना: एकूण जोडण्यांचा आकडा ८००० ठेवलेला, फारच मोठा. जवळजवळ वर्षभर तो तसाच होता, कुणाला टोचला नव्हता. तो २००० वर आणतात. पोस्टग्रेस चालू होतो. कमांड पुन्हा गप्प.

ती अडकलेली नाही. मूळ सर्व्हरकडून डेटा येईपर्यंत ती अशीच मुकाट बसते. हे माहीत असलेला सहकारी त्या वेळी तिथे नाही, आणि टीमच्या कार्यपुस्तिकेत हे लिहिलेलं नाही.

२३.२७ च्या थोडं आधी
इंजिनिअरला वाटतं, आधीच्या प्रयत्नांत डीबी२ वर काही अर्धवट फायली राहिल्या असतील, त्याच आड येत असतील. फोल्डर पुन्हा एकदा साफ करावं. टर्मिनलवर ओळीच्या सुरुवातीला सर्व्हरचं नाव असतं. दोन नावांत फरक एका आकड्याचा. तो डिलीटची कमांड देतो.

खिडकी डीबी१ ची आहे.

२३.२७
एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात येतं. तो कमांड थांबवतो. उरलेत साडेचार जीबी. भारतात पहाटेचे ४.५७.

डीबी२ तर त्यानेच आधी रिकामा केलेला. तो भरलेला असता तर या वेळी कामी आला असता, कारण फोल्डरमधून फायली काढल्याचं नकलेपर्यंत पोचत नाही. तरी नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे: डेटाबेसमध्येच काही पुसलं, तर ते नकलेतूनही जातं. घरी फोटो ‘सेफ’ राहावेत म्हणून दोन डिस्कचा छोटा सर्व्हर आणतात, त्याचंही हेच: एकीवर पुसलं की दुसरीवरही तितक्याच तत्परतेने पुसलं जातं.

मध्यरात्र
बॅकअप शोधणं सुरू होतं. डेटाबेसची रोजची प्रत अ‍ॅमेझॉनच्या एस३ वर जायला हवी. तिथे बघतात. रिकामं.

प्रत काढणारी स्क्रिप्ट ज्या सर्व्हरवर चालायची, तिथे डेटाबेसचं फोल्डरच नव्हतं. त्यामुळे पोस्टग्रेसची कुठली आवृत्ती वापरायची हे तिला कळेना. तिने ठरलेली जुनी, ९.२, उचलली. डेटाबेस ९.६ चा. जुन्या आवृत्तीने नव्याची प्रत काढायला नकार दिला, चूक नोंदवली आणि बंद पडली. ती चूक कळवणारी मेल निघत होती, पण मेल खरी आहे का हे तपासणाऱ्या डीमार्कला लागणारी सही तिच्यावर नसायची, म्हणून ती दारातूनच परत जायची. कुणालाच काही आलं नाही, तेव्हा सगळं ठीक चाललंय असं सगळे समजले. ती प्रत उतरवून चालते का हे पाहायचं काम ठरवून कुणाकडेच दिलेलं नव्हतं.

सर्व्हर ज्यावर होते त्या मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझूर क्लाउडचे डिस्क-स्नॅपशॉट? फायलींच्या सर्व्हरला चालू, डेटाबेसच्या सर्व्हरला नाही. गिटलॅबने हे सगळं एका खुल्या डॉक्युमेंटात जगासमोर लिहीत ठेवलं. त्यात नोंद आहे की बॅकअप आणि नकलेच्या पाच उपायांपैकी एकही भरवशाने चालत नव्हता, काही तर मुळात लावलेलेच नव्हते.

उरला १७.२० चा तो स्नॅपशॉट.

१ फेब्रुवारी
चाचणीचा सर्व्हर स्वस्तातल्या, संथ डिस्कवर होता. तिथून डेटा सेकंदाला सुमारे ६० मेगाबिटने येऊ लागतो. हे काम यूट्यूबवर थेट दाखवलं जातं. एका वेळी पाच हजारांच्या आसपास लोक ते बघत बसतात. बघण्यासारखं त्यात एवढंच, की फायली सरकतायत. जवळजवळ १८ तास.

१८.०० च्या सुमारास
गिटलॅब पुन्हा चालू होतं. कोड शाबूत आहे. सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० शेरे आणि ७०० नवी खाती नाहीत. डेटाबेसच्या लेखी अजून मंगळवारच आहे, संध्याकाळचे ५.२०.