नकाराचे ओझे
गाडीला बाहेरचा सुटा भाग बसवला की ‘तुमची वॉरंटी गेली’ हे उत्तर ठरलेले. अमेरिकेत वॉरंटीच्या बारीक छापाला पहिला मोठा तडा गेला तो क्लॉस हेनिंगसेन यांच्या प्लिमथमुळे. मे १९५५ मध्ये घेतलेली ही गाडी ४६८ मैलांतच भिंतीवर आदळली. गाडीत काही फेरफार नव्हता. तरी सदोष भाग बदलून देण्यापलीकडे आपली जबाबदारी नाही, असे कंपनी म्हणाली. १९६० साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट झुगारली. बहुतेक अमेरिकी कंपन्यांच्या अटी शब्दशः सारख्याच होत्या; ग्राहक जाणार कुठे?

फेरफार केलेल्या गाड्यांना आधार मिळाला तो १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने. आमचाच भाग वापरा, अशी अट घालायची तर तो फुकट द्या! (ही तरतूद मला फार आवडते.) १९७७ मध्ये संघीय व्यापार आयोगाने स्पष्ट केले की, बिघाड बाहेरच्या भागामुळेच झाला हे कंपनीने दाखवावे, मग नकार द्यावा. स्प्रिंगा बदललेल्या गाडीची काच अडकली, तर स्प्रिंगांचा काय दोष? इंजिनाची ताकद वाढवून पिस्टन फुटला, तर मात्र मालकाची बाजू लंगडी पडते.