जीपचा पुढचा आस

1940 साली युरोपात महायुद्धाचा वणवा पेटला असता अमेरिकेच्या लष्कराने हलक्या, चारही चाकांना गती मिळणाऱ्या टेहळणी गाडीची मागणी जाहीर केली, आणि पेन्सिल्व्हेनियातील बटलर गावच्या बँटम कंपनीने अभियंता कार्ल प्रोब्स्ट यांच्या आराखड्याबरहुकूम त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पहिला नमुना लष्करापुढे हजर केला. विलिज आणि फोर्ड या कारखान्यांनी युद्धसमाप्तीपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. आणि त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला महिंद्र कंपनीने विलिज जीपची जुळणी आरंभिल्यावर, जिथे पूर्वी घोड्यावरून वा बैलगाडीतून दौरा निघे, तिथे सरकारी अंमलदार दप्तरासह जीपमधून पोहोचू लागला.

या गाडीचे मर्म गिअरपेटीमागील ट्रान्सफर केसमध्ये होते. तिच्या दोन दांड्यांपैकी एकीने पुढचा आस जोडावयाचा आणि दुसरीने 'लो' किंवा 'हाय' चाल निवडावयाची. मात्र पुढचा आस जोडल्यावाचून 'लो' पडत नसे, कारण दुप्पट झालेला जोर एकट्या मागच्या आसाने सोसावा, हे रचनाकारांना मान्य नव्हते. दोन आसांच्या दरम्यान डिफरन्शियल मुळीच नव्हते. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा पल्ला काटावा लागतो. चिखलात चाक किंचित घसरून हा फरक जिरवते, पण कोरड्या डांबरी सडकेवर तो जिरण्यास वाव नसल्यामुळे सारा ताण दात्यांत साठत जातो आणि दांडी जागच्या जागी घट्ट बसते. अशा वेळी तिच्यावर बळजबरी न करता गाडी थोडी सरळ मागे घ्यावी, म्हणजे ताण उतरून दांडी सुटते. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील, तर सरळ रस्त्यावरही हाच दोष उद्भवतो.

1948 साली अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी युद्धातून उरलेल्या जीपगाड्यांसाठी चाकापासून आस सोडवणारे हब तयार केले. त्यामुळे सडकेवर पुढच्या आसाला विसावा मिळाला. पण दांडी पडते आणि चाक मात्र ढिम्म, अशी नवी तक्रारही जन्मास आली. तिचे निदान जाणता मिस्त्री आजही याच क्रमाने करतो. मागच्या चाकांना भक्कम अडण लावून, पुढचे दोन्ही हब जोडून, दांडी 'टू-व्हील'मध्ये ठेवून, पुढचे एकच चाक जॅकवर उचलावे आणि हाताने फिरवावे. प्रॉपेलर शाफ्ट सोबत फिरला, तर हबपासून क्राउनपर्यंतची साखळी शाबूत. चाक एकटेच फिरले, तर आधी दोन्ही बाजूंचे हब उघडून पाहावेत. मग दांडी 'फोर'मध्ये टाकावी: आता चाकाने फिरण्यास नकार दिला पाहिजे, आणि तरीही ते शाफ्टसह फिरत राहिले, तर दोष ट्रान्सफर केसमध्ये किंवा तिच्या दांडीच्या जोडणीत आहे.

पुढील पिढीच्या काही एसयूव्हींत दांडीची जागा बटणाने आणि हाताच्या हबची जागा निर्वात दाबावर चालणाऱ्या हबने घेतली, आणि चिरलेली रबरी नळी किंवा गंजलेले विजेचे टोक ही दोषांची नवी ठिकाणे झाली. पण शोधाचा मार्ग पालटला नाही. गती जिथून निघते तिथपासून जिथे पोहोचावयाची तिथपर्यंत एकेक सांधा पारखणे, हीच ती विद्या होय. म्हणून जुनी गाडी भंगारात काढण्यापूर्वी तिच्या मालकाने ही तपासणी करवून घ्यावी, आणि वर्षातून अनेकदा, ओल्या वा भुसभुशीत जमिनीवर, पुढच्या आसाला काम द्यावे. कारण ही यंत्रणा झिजून निकामी होते, तशीच ती पडून राहूनही जाम होते.