हळद, पेशींचा चिकटपणा आणि स्तनाचा कर्करोग

सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल पेवे खणलेली असत. २००५च्या महापुरात त्यांतली बरीच निकामी झाली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. सातारा-सांगलीकडे हळद हे घरचे पीक. म्हणून ‘हळदीने कर्करोग पसरत नाही’ हे वाक्य येथे सहज पटते. ते आले कोठून?

त्यासाठी १८८९ सालच्या लंडनमध्ये जावे लागेल. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी स्टीफन पॅजेट या शल्यचिकित्सकाने तपासल्या. यकृतात रोग पसरल्याची उदाहरणे २४१, प्लीहेत मात्र केवळ १७. रोगपेशी रक्ताबरोबर कोठेही जात असतील, पण सगळीकडे रुजत नाहीत. बी आणि जमीन या दोहोंचे जमावे लागते, असे त्याने मांडले.

पण बी मुळात सुटते कसे? १९४४ साली डेल कोमन यांनी सूक्ष्म सुयांनी पेशींच्या जोड्या ओढून पाहिल्या. कर्करोगाच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा सहज सुटल्या. कारण कळायला आणखी तीन दशके लागली. जपानी संशोधक मासातोशी ताकेइची क्योटोहून बाल्टिमोरला गेले. तेथे ट्रिप्सिनने सुट्या केलेल्या पेशी पुन्हा एकमेकींना चिकटेनात. तेथल्या ट्रिप्सिनच्या द्रावणात कॅल्शियम बांधून ठेवणारे रसायन होते, क्योटोच्या द्रावणात ते नव्हते. कॅल्शियम असेल तरच टिकणारे हे आसंजन रेणू, म्हणजे पेशींना जोडून ठेवणारी प्रथिने. ताकेइचींनी त्यांना ‘कॅढेरिन’ हे नाव दिले.

दुसरे टोक रक्तवाहिनीच्या अस्तरात आहे. तेथेही आसंजन रेणू असतात. दाह झाला की ते वाढतात आणि पांढऱ्या पेशी त्यांना चिकटतात. रोगपेशीही अशाच रेणूंचा आधार घेतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, नाळेतल्या रक्तवाहिनीच्या पेशींवर हळदीतले कर्क्युमिन टाकताच हे रेणू वाढायचे थांबले. आपल्या वाक्याचे एक मूळ अशा प्रयोगांत आहे.

मात्र तो प्रयोग काचपात्रातला. शरीरात गोष्ट वेगळी. १९७८ सालीच उंदरांना तोंडावाटे कर्क्युमिन दिल्यावर सुमारे तीन-चतुर्थांश भाग विष्ठेतून बाहेर पडल्याचे दिसले होते. रक्तात ते फारसे उतरतच नाही. २०१७ सालच्या एका समीक्षेने शंभराहून अधिक वैद्यकीय चाचण्या विचारात घेतल्या. रुग्ण व डॉक्टर दोघांनाही औषध कोणते हे ठाऊक नसलेल्या काटेकोर चाचण्यांपैकी एकही यशस्वी ठरली नव्हती. याच विषयातले अनेक शोधनिबंध २०१०च्या दशकात मागेही घेतले गेले.

चिकटपणाची कथाही सरळ उरलेली नाही. २०१९ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसले की ई-कॅढेरिन काढल्यास स्तनाच्या रोगपेशी अधिक घुसखोरी करतात, पण दूरच्या अवयवात रुजण्याआधीच बऱ्याच मरतात. म्हणजे सुटण्यासाठी नको असलेला रेणू टिकण्यासाठी हवा असतो! अशा गुंत्यात ‘एक पदार्थ, एक उपाय’ कसा बसावा?

हळद भाजीत घालावी, शेतातही पिकवावी. पण स्तनात गाठ लागली तर हळदीवर महिने घालवू नयेत. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. वर्गातल्या मुलींनी एवढे घरी सांगितले, तरी हा इतिहास शिकवल्याचे सार्थक होईल.