जागरणाचा हिशेब

परीक्षा जवळ आल्या की घरोघरी रात्री उशिरापर्यंत दिवे जळताना दिसतात. पेपरच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा न लावता केलेल्या अभ्यासाचे आपल्याकडे कौतुकच होते. याउलट काही मुले वेळेवर अंथरुणाला पाठ टेकतात, पण झोप येत नाही; जितका प्रयत्न करावा तितकी ती दूर पळते. झोप घेतली नाही तर काय होते, आणि हवी तेव्हा ती का येत नाही? हे दोन प्रश्न वेगवेगळे वाटले तरी त्यांची उत्तरे शोधता शोधता शास्त्रज्ञ एकाच वाटेवर येऊन पोहोचले. ही वाट शंभराहून अधिक वर्षांची आहे.

दहा पिल्ले, तीन माणसे

१८९४ साली मारिया मानासेइना या रशियन संशोधिकेने कुत्र्याच्या दहा पिल्लांवर केलेले प्रयोग जाहीर केले. पिल्लांना खायला भरपूर दिले, पण झोपू मात्र दिले नाही. चार-पाच दिवसांत ती मेली. उपाशी ठेवलेली कुत्री याहून कितीतरी जास्त दिवस तग धरतात. तेव्हा प्राण्याला अन्नापेक्षाही झोपेची गरज अधिक आहे, असा निष्कर्ष तिने काढला.

पण येथे एक शंका निघते. पिल्लाला जागे ठेवायचे तर त्याला सतत हलवावे, चालवावे लागते. मग ते झोपेअभावी मेले की या छळामुळे? केवळ झोपेचा परिणाम वेगळा कसा काढायचा? या शंकेचे समाधान व्हायला जवळजवळ नव्वद वर्षे जावी लागली.

माणसावरचा पहिला पद्धतशीर प्रयोग १८९६ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात पॅट्रिक आणि गिल्बर्ट यांनी तीन तरुणांना ९० तास जागे ठेवले आणि दर सहा तासांनी त्यांच्या चाचण्या घेतल्या : मुठीची ताकद, प्रतिक्रियेला लागणारा वेळ, पाठांतर. कामे मंदावली, पाठांतर बिघडले. एकाला तर जमिनीवर बारीक कण वळवळताना दिसू लागले. मात्र झोप मिळताच तिघेही पूर्ववत झाले आणि त्यासाठी त्यांना बुडालेल्या झोपेचा थोडासाच भाग जादा झोपावे लागले. म्हणजे झोपेची परतफेड तासाला तास अशी होत नाही. भरपाईची झोप अधिक गाढ असते, हे पुढे मेंदूच्या विद्युत्-आलेखावरून स्पष्ट झाले.

साठणारा पदार्थ की घड्याळ?

झोप येते कशाने? जपानमध्ये इशिमोरी यांनी १९०९ साली, तर पॅरिसमध्ये लजांद्र आणि पिएराँ यांनी १९१३ साली एक सुंदर कल्पना तपासून पाहिली. जागरण झालेल्या कुत्र्यांच्या मेंदूभोवतीचा द्रव काढून तो ताज्यातवान्या कुत्र्यांना टोचला, तर तीही झोपी गेली. जागेपणी शरीरात काहीतरी साठत जाते आणि तेच झोप आणते, असा याचा अर्थ लावला गेला.

मग जितके जागरण जास्त तितकी झोप अनावर व्हायला हवी. शिकागो विद्यापीठातील नथानिएल क्लाइटमन यांनी १९२०च्या दशकात स्वतःला आणि विद्यार्थ्यांना जागे ठेवून पाहिले, तेव्हा वेगळेच दिसले. पहाटेच्या सुमारास डोळे उघडे ठेवणे मुश्किल होई. पण सकाळ उजाडली की न झोपताही पुन्हा हुशारी वाटे! साठलेला पदार्थ आपोआप कमी होणार नाही. म्हणजे यात आणखी कशाचा तरी हात होता.

ही दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातील घड्याळ. लाजाळूचे रोप काळोखात ठेवले तरी त्याची पाने दिवसा उघडतात व रात्री मिटतात, हे फ्रान्समधील द मेरान यांनी १७२९ सालीच नोंदवले होते. माणसात हे घड्याळ शोधण्यासाठी क्लाइटमन १९३८ साली ब्रूस रिचर्डसन या विद्यार्थ्याबरोबर केंटकीतील मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले. तेथे ऊन नाही, तापमान कायम सारखे. दोघांनी २८ तासांचा 'दिवस' पाळायचे ठरवले. रिचर्डसनचे शरीर नव्या दिवसाला जुळले. क्लाइटमन यांच्या शरीराचे तापमान मात्र हट्टाने २४ तासांच्या चक्रानेच वरखाली होत राहिले. माणसे दोन आणि उत्तरेही दोन! पुढे प्रकाशावर काटेकोर नियंत्रण ठेवून केलेल्या प्रयोगांतून १९९९ साली दिसले की माणसाचे घड्याळ सरासरी २४ तासांहून काही मिनिटेच मोठे असते आणि रोजचा उजेड ते जुळवून घेतो.

१९८२ साली झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी दोन्ही कल्पना एकत्र आणल्या. जागेपणी रांजण थेंबाथेंबाने भरत जावा तशी झोपेची गरज वाढते. घड्याळ मात्र स्वतंत्रपणे चालू असते. रांजण भरलेला आणि घड्याळातही रात्र झालेली, असे जुळून आले की चांगली झोप लागते. साठणाऱ्या पदार्थांपैकी अ‍ॅडेनोसिन हा एक आज ओळखला गेला आहे. चहा-कॉफीतील कॅफीन त्याच्या ग्राहकांवर जाऊन बसते, त्यामुळे मेंदूला त्याचा संदेश पोहोचत नाही. म्हणजे चहा रांजण रिकामा करत नाही, फक्त पातळी दिसू देत नाही.

एक विद्यार्थी, दोन उंदीर

डिसेंबर १९६३मध्ये सॅन दिएगोच्या रँडी गार्डनर या १७ वर्षांच्या मुलाने शालेय विज्ञान प्रकल्पासाठी जागरण सुरू केले, ते २६४ तास, म्हणजे ११ दिवस चालले. झोपेचे अभ्यासक विल्यम डिमेंट त्याला पाहायला आले. शेवटच्या रात्रीही त्याने खेळयंत्रावर आपल्याला हरवले, असे ते सांगत. नौदलाचे डॉक्टर जॉन रॉस यांच्या नोंदी मात्र वेगळे सांगतात. १००मधून सात-सात वजा करत जायला सांगितले, तर तो ६५वर थांबला. काय करत होतो हेच तो विसरला होता.

दोन्ही निरीक्षणे खरी आहेत. कामात गंमत असली की थोडा वेळ भान टिकते. एकसुरी, सलग लक्ष मागणाऱ्या कामात मन मध्येच निसटते. तीन तासांचा पेपर यांपैकी कोणत्या प्रकारात मोडतो, हे शिक्षकांना सांगायला नको!

मानासेइनेच्या प्रयोगावरील शंकेला उत्तर मिळाले ते १९८३ साली. शिकागोत रेख्टशाफेन आणि सहकाऱ्यांनी उथळ पाण्यावर एक तबकडी बसवून तिच्या दोन भागांत दोन उंदीर ठेवले. मेंदूच्या आलेखावरून पहिल्याला झोप लागतेय असे दिसताच तबकडी फिरे आणि पाण्यात पडू नये म्हणून दोघांनाही चालावे लागे. चाल दोघांची सारखीच. पण पहिला जागा असताना तबकडी थांबलेली असे, तेव्हा दुसरा झोपू शके. झोप हिरावलेले उंदीर काही आठवड्यांत दगावले. त्यांचे जोडीदार तगले. तुलनेसाठी ठेवलेला दुसरा प्राणी प्रयोगाला किती बळ देतो, हे वर्गात सांगायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

झोप आणता येते का?

औषधांचा मार्ग जुना आहे. १८६९ साली क्लोरल हायड्रेट आले, १९०३ साली बार्बिटल. त्यांनी झोप येई, पण सवय जडे आणि मात्रा चुकली तर जिवावर बेते.

१९७२ साली रिचर्ड बुटझिन या मानसशास्त्रज्ञाने वेगळा विचार मांडला. बी.एड.च्या अभ्यासक्रमातला पावलॉव्हचा कुत्रा आपल्या ओळखीचा आहेच. रोज रात्री तळमळत पडणाऱ्या माणसाच्या बाबतीत अंथरूण हीच घंटा होते. पण ती झोपेची नव्हे, जागेपणाची. ही जोडी मोडायची तर झोप आल्यावरच आडवे व्हावे. अंथरुणात वाचन, काळजी, हिशेब करू नयेत. झोप येत नसेल तर उठून दुसरीकडे बसावे आणि पेंग आल्यावरच परत यावे. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठावे, दुपारी झोपू नये. यातल्या शेवटच्या दोन सूचनांनी रांजण रोज नीट भरतो आणि घड्याळही जागेवर राहते. अशा उपायांवर आधारलेली उपचारपद्धती दीर्घकालीन निद्रानाशावर औषधांआधी वापरावी, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यकीय संघटनेने २०१६ साली केली. त्रास आठवडेच्या आठवडे चालला, तर मात्र डॉक्टरांनाच विचारावे.

शाळेची घंटा

वयात येताना हे घड्याळ मागे पडते. मुलांना झोपही उशिरा येते आणि जागही. म्हणून माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत, असे अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१४ साली सुचवले. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत, असे ठरवले. लहानांची सोय झाली, हे चांगलेच. पण ज्यांचे घड्याळ सर्वांत मागे असते, ती आठवी ते बारावीची मुले या निर्णयात नाहीत.

आणि पेपरची आदली रात्र? १९२४ साली जेंकिन्स आणि डालेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरे पाठ करायला दिली. पाठांतरानंतर जागे राहिले तर ती भराभर विसरली जात. झोपले तर बरीच टिकत. पुढच्या संशोधनानेही झोपेत स्मृती पक्की होते, हे दाखवून दिले. तेव्हा रात्रभर अभ्यास करणारा मुलगा वाचलेले जपून ठेवण्याची वेळच वाचण्यात घालवत असतो.

एक सोपा प्रयोग वर्गात करता येईल. मुलांनी आठवडाभर झोपण्याच्या व उठण्याच्या वेळा लिहून ठेवाव्यात. रोज पहिल्या तासाला आणि दुपारी पट्टी पकडण्याची चाचणी घ्यावी. जोडीदाराने सोडलेली पट्टी १५ सें.मी. घसरल्यावर पकडली, तर प्रतिक्रियेचा वेळ सुमारे ०.१७ सेकंद, २० सें.मी. असेल तर ०.२० सेकंद. सरावाने वेळ सुधारतो, म्हणून दर खेपेस पाच-सहा वेळा पकडून सरासरी घ्यावी. मुद्दाम जागरण कोणालाही करायला लावू नये. मुलांच्या नेहमीच्या वेळापत्रकातच पुरेसे जागरण सापडेल.